चेनसॉच्या सिलिंडरचं पोर्टिंग: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

सिलिंडरच्या भिंतीतली वायूची भोकं, म्हणजे पोर्ट, घासून त्यांचा आकार आणि उघडण्याची वेळ बदलणं म्हणजे पोर्टिंग. इन्टेकमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये येतं, ट्रान्सफरमधून वर सिलिंडरमध्ये जातं आणि जळका वायू एक्झॉस्टमधून बाहेर पडतो. महाराष्ट्रात टू-स्ट्रोकचं पोर्टिंग म्हटलं की लोकांना यामाहा आरएक्स १०० आठवते. त्यामुळे चेनसॉचा सिलिंडर घेऊन एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे गेलात, तर पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते असं: "एक्झॉस्ट दोन मिलिमीटर वर घेतो, बघा कशी पळते." एवढं एक सोडून बाकी काहीही करा. दोन मिलिमीटर वर घेतलेला एक्झॉस्ट चेनसॉचा जोर घालवतो आणि कापलेला धातू परत लावता येत नाही.

बाइकचं गणित चेनसॉला का लागू पडत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. बाइकला गिअर असतात. फेऱ्या पडल्या तर खालचा गिअर टाकून इंजिन परत वर आणता येतं. चेनसॉला गिअरच नाही. बाभळीच्या खोडात बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) अर्धा रुतला आणि इंजिनाच्या फेऱ्या १३,००० वरून ९,००० वर आल्या, की त्या ९,००० वरच जोर मिळाला पाहिजे. दुसरा फरक सायलेन्सरचा. टू-स्ट्रोक बाइकच्या फुगीर सायलेन्सरमधून दाबाची लाट उलटी फिरते आणि बाहेर निघालेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. चेनसॉचा मफलर म्हणजे पत्र्याची डबी. तिथे अशी लाट कामाला येत नाही. एक्झॉस्ट जास्त वेळ उघडा राहिला तर पेट्रोल न जळताच बाहेर जातं. तिसरा फरक सगळ्यांत कमी लोक लक्षात घेतात. आरएक्स १०० ला रीड व्हॉल्व्ह आहे, तो मिश्रण उलटं जाऊ देत नाही. बहुतेक चेनसॉंमध्ये पिस्टनचा खालचा घेर, म्हणजे स्कर्ट, हाच व्हॉल्व्ह असतो. इन्टेक बेसुमार खाली उतरवला तर कमी फेऱ्यांवर मिश्रण कार्बोरेटरमधून उलटं बाहेर येतं आणि एअर फिल्टर पेट्रोलने भिजतो.

पोर्टिंग केलेली चेनसॉ हा अमेरिकेच्या वॉशिंग्टन-ओरेगॉन भागातल्या आणि कॅनडातल्या लाकूडतोड्यांचा जुना विषय आहे. तिथे फक्त हेच काम करणारे कारागीर आहेत. स्पर्धांसाठीची यंत्रं वेगळी: स्टिल टिंबरस्पोर्ट्सच्या 'हॉट सॉ' प्रकारात ३५० सीसीपर्यंतचं इंजिन, ट्यून केलेला पाइप आणि ताशी २०० किलोमीटरहून वेगाने फिरणारी चेन असते. ते यंत्र काही सेकंदांच्या कापणीसाठी बनवलेलं असतं. आपल्याला दिवसभर चालणारं यंत्र हवंय, त्यामुळे इथलं सगळं मार्गदर्शन कामाच्या चेनसॉसाठी आहे.

सिलिंडर उघडण्याआधी

चेन धारदार आहे का ते बघा. .३२५ पिचच्या चेनला ४.८ मिमीची गोल कानस लागते आणि दातापुढचा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असावा लागतो. बोथट चेनवर पोर्टिंग करून काहीही हाती लागत नाही. चांगली धार लावून एकाच ओंडक्याचे तीन काप घ्या, मोबाइलवर वेळ मोजा आणि लिहून ठेवा. नंतर तुलना करायला दुसरं काही प्रामाणिक साधन नाही. आवाज वाढला की यंत्र ताकदवान झाल्यासारखं वाटतं, त्यावर जाऊ नका.

मग मफलर. कंपनीचा मफलर आवाज आणि धूर कमी करण्यासाठी घुसमटलेला असतो. बाहेर पडायचं भोक एक्झॉस्ट पोर्टच्या क्षेत्रफळाच्या ७५ ते ८० टक्के असलं की पुरे. समजा पोर्ट ३६० चौरस मिमीचा आहे, तर सगळी भोकं मिळून २७० चौरस मिमी, म्हणजे साडेअठरा मिमी व्यासाच्या एका भोकाएवढी जागा. त्याहून मोठं केलंत तर कमी फेऱ्यांवरचा जोर पडतो. ठिणग्या अडवणारी जाळी काढू नका. मार्च-एप्रिलमध्ये सह्याद्रीच्या वाळलेल्या गवतात एक ठिणगी वणव्याला पुरते. मफलर मोकळा केला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून कार्बोरेटरचा एच स्क्रू (जास्त फेऱ्यांवरचं पेट्रोल ठरवणारा) लगेच उघडून मिश्रण जाड करावं लागतं. पुष्कळ जणांचं समाधान इथेच होतं, आणि तुमचं झालं तर सिलिंडर उघडूच नका.

कोणतं यंत्र घ्यावं

नवख्याने ज्या चेनसॉचा सिलिंडर चार स्क्रू काढले की सुटा वर उचलला जातो अशीच घ्यावी. हस्क्वार्ना ३७२ एक्सपी (७०.७ सीसी, ५० मिमी बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ३६ मिमी स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव) किंवा स्टिल एमएस ३८२ (७२.२ सीसी, ५२ मिमी बोअर, ३४ मिमी स्ट्रोक) या त्या जातीच्या. स्टिल एमएस १८० आणि एमएस २५० यांची रचना वेगळी आहे. तिथे सिलिंडर आणि खालचं पॅन यांच्यामध्येच क्रँक बसतो आणि बेस गॅस्केट, म्हणजे सिलिंडरखालचं पातळ पॅकिंग, नसते, त्यामुळे पुढे येणारा गॅस्केटचा सोपा उपाय तिथे चालत नाही. एक्स-टॉर्कसारखी, पिस्टनच्या बाजूने वेगळी हवा आत घेणारी इंजिनंही पहिल्या खेपेला नकोत. कार्बोरेटरला एच स्क्रू नसेल किंवा तो कॉम्प्युटरवर चालत असेल, तरी पुढचं ट्यूनिंग अडतं.

शिकण्यासाठी माझी पसंती बाजारात '५८ सीसी' नावाने मिळणाऱ्या चिनी यंत्राला. त्याचा सिलिंडर-पिस्टन सेट स्वस्तात सुटा मिळतो, म्हणून मूळ सिलिंडर जपून ठेवायचा आणि सुट्या सेटवर हात चालवायचा. यंत्रावर छापलेल्या सीसीवर विसंबू नका. बोअर आणि स्ट्रोक व्हर्नियरने मोजा. बोअरचा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक, भागिले १,०००, इतकाच हिशोब आहे. सगळी मापं मिलिमीटरमध्ये घ्यायची.

हत्यारं

व्हर्नियर, प्लॅस्टिकचं किंवा छापलेलं ३६० अंशांचं चक्र, एक ताठ तार, १.५ मिमीची सोल्डरची तार, कम्प्रेशन गेज, टॅकोमीटर. घासायला लवचीक शाफ्ट असलेला छोटा ग्राइंडर आणि ३ मिमी दांड्याचे कार्बाइड बर. अॅल्युमिनियमसाठी मोठ्या खाचांचे बर घ्या. बारीक खाचांत अॅल्युमिनियम चिकटून बसतं आणि बर कापायचा थांबतो. दर थोड्या वेळाने बर मेणबत्तीवर टेकवला की चिकटणं कमी होतं. सिलिंडरच्या आतल्या पातळ थराला, म्हणजे प्लेटिंगला, डायमंड बर लागतो. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला मास्क हवाच. ही पूड फुप्फुसात जाऊ द्यायची नाही.

मोजमाप: खरं काम इथेच आहे

सर्वांत आधी स्क्विश मोजायचं. पिस्टन सर्वांत वर असताना त्याचा कडेचा भाग आणि सिलिंडरचं छत यांच्यात जी फट उरते ती. स्पार्क प्लग काढा, सोल्डरच्या तारेचं टोक प्लगच्या भोकातून सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत सरकवा आणि मॅग्नेटने, म्हणजे क्रँकवरच्या चुंबकाच्या चाकाने, इंजिन एकदा सर्वांत वरून फिरवा. तार गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत धरायची, म्हणजे पिस्टन तिरका होत नाही. चेपलेल्या टोकाची जाडी व्हर्नियरने मोजा. मग दुसऱ्या बाजूला तसंच करा. दोन्हीकडे ०.१ मिमीहून जास्त फरक आला तर सिलिंडर तिरका बसलाय किंवा छताचं मशीनिंग नीट झालेलं नाही. स्वस्त सेटमध्ये हे नेहमी सापडतं.

आता अंशांचं चक्र क्रँकला लावा. मॅग्नेटच्या बाजूला जागा मिळाली तर उत्तम. क्लच काढायचा असेल तर बहुतेक चेनसॉंत त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतो. टीडीसी, म्हणजे पिस्टनचं सर्वांत वरचं ठिकाण, नजरेने ठरवू नका. वरच्या टोकाला क्रँक चार-पाच अंश फिरला तरी पिस्टन हलल्याचं कळत नाही. प्लगच्या भोकात एक अडथळा बसवा. जुन्या प्लगमधून बसवलेला गोल टोकाचा बोल्ट चालतो. क्रँक एका बाजूने फिरवत पिस्टन अडथळ्याला टेकवा आणि अंश वाचा, मग दुसऱ्या बाजूने टेकवा. एकीकडे ३८ आणि दुसरीकडे ४४ आले, तर खरी टीडीसी दोन्हींच्या बरोबर मध्ये. चक्र ३ अंश सरकवा आणि परत तपासा. दोन्हीकडे ४१ येईपर्यंत पुढे जायचं नाही. इथली ढिलाई पुढच्या प्रत्येक आकड्यात शिरते.

यानंतर तीन आकडे टिपायचे. पिस्टन खाली येताना एक्झॉस्ट पोर्टची वरची कड नुकती दिसू लागली की एक्झॉस्टचा अंश. मग आणखी खाली आल्यावर ट्रान्सफर उघडतो तो अंश. आणि पिस्टन वर जाताना स्कर्टखालून इन्टेक उघडतो तो टीडीसीच्या किती अंश आधी. कड नेमकी कधी उघडते हे बघायला पोर्टमध्ये ०.०५ मिमीची फिलर पट्टी घाला. ती सुटली की पोर्ट उघडला.

कामाच्या चेनसॉत साधारण हे आकडे बरे चालतात: एक्झॉस्ट टीडीसीनंतर १०० ते १०२ अंशांवर, ट्रान्सफर १२० ते १२३ वर, इन्टेक टीडीसीआधी ७६ ते ८० वर. एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंतच्या अंतराला ब्लोडाउन म्हणतात. जळालेल्या वायूचा दाब या अंशांत उतरतो, तो १८ ते २२ अंश असावा. ब्लोडाउन कमी पडला तर जळका वायू ट्रान्सफरमधून क्रँककेसमध्ये घुसतो.

पोर्टचा नकाशा काढायची पद्धत मला या सगळ्या कामात सर्वांत आवडते. पांढऱ्या कागदाची गुंडाळी बोअरमध्ये घाला, ती भिंतीला चिकटून उलगडली की पोर्टच्या कडांवरून शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवा. कागद बाहेर काढून सपाट केला की सगळे पोर्ट उलगडून समोर येतात: एक्झॉस्टचा एक कोपरा चार दशांश मिलिमीटर खाली आहे, उजवा ट्रान्सफर डाव्यापेक्षा वर आहे, हे सगळं लगेच दिसतं. कागदावरचं माप भिंतीच्या वळणावरचं असतं, सरळ रुंदी त्याहून कमी. ४५.२ मिमी बोअरमध्ये कागदावर ३० मिमी भरलेला पोर्ट सरळ मोजला तर जेमतेम २८ मिमीचा असतो. मूळ कागद जपून ठेवा, त्यावर तारीख आणि अंश लिहा.

कागदावरचा हिशोब

समजा ३६ मिमी स्ट्रोकच्या यंत्रात हे आकडे आले: स्क्विश १.०५ मिमी, बेस गॅस्केट ०.५ मिमी, एक्झॉस्ट १०३, ट्रान्सफर १२२, इन्टेक ७४. गॅस्केट काढून फक्त सीलंटवर सिलिंडर बसवला तर स्क्विश ०.५५ मिमी होतं. कामाच्या यंत्रासाठी ते उत्तम, कारण कम्प्रेशन वाढतं आणि मिश्रण नीट घुसळलं जातं. ०.५ मिमीच्या खाली जाऊ नका. ३६ मिमी स्ट्रोकचा पिस्टन १३,००० फेऱ्यांवर सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा वर थांबतो आणि उलटा वळतो, त्याचा सरासरी वेग सेकंदाला १५.६ मीटर असतो. त्या ताणात कनेक्टिंग रॉड किंचित लांबतो, बेअरिंगमधली ढिलाईही त्यात मिळते. मूळ स्क्विश ०.८ असताना गॅस्केट काढलीत तर ०.३ उरेल आणि पिस्टन छताला आपटेल. अशा वेळी पातळ गॅस्केट कापून घ्यावी.

सिलिंडर अर्धा मिलिमीटर खाली आला की सगळे पोर्टही खाली येतात. या स्ट्रोकला एक्झॉस्टच्या जागी साधारण ०.३ मिमी म्हणजे एक अंश, ट्रान्सफरच्या जागी ०.२३ मिमी, इन्टेकच्या जागी ०.३३ मिमी. म्हणजे एक्झॉस्ट आता पावणेदोन अंश उशिरा, सुमारे १०४.७ ला उघडेल. ट्रान्सफर १२४ च्या आसपास. इन्टेक मात्र लवकर उघडेल, ७५.५ ला, कारण तो पिस्टनच्या खालच्या कडेवर चालतो. ही दिशा उलटी आहे, ती पक्की ध्यानात ठेवा.

आता एक्झॉस्ट १०२ वर आणायचा तर ०.८ मिमी वर घ्यायचा. मूळ जागेच्या मानाने बघितलं तर फक्त ०.३ मिमी. मिस्त्रीच्या दोन मिलिमीटरशी तुलना करा: ते पावणेसात अंश झाले असते. ट्रान्सफरला हात लावू नका. १२४ वर राहिला तर ब्लोडाउन २२ अंश मिळतो, तो ठीक आहे. इन्टेकचा तळ अर्धा मिलिमीटर खाली घेतला की ७७ होतो. पुरे.

रुंदीला मर्यादा आहेत. एक्झॉस्टची सरळ रुंदी बोअरच्या ६० ते ६२ टक्क्यांवर थांबवा. त्याहून रुंद पोर्टमध्ये रिंग फुगून कडेला अडकायची भीती वाढते, खास करून वरची कड सपाट ठेवली तर. ४५.२ मिमी बोअरला २८ मिमी म्हणजे ६२ टक्के. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पिस्टनचा स्कर्ट. पिस्टन सर्वांत वर असताना स्कर्टने एक्झॉस्ट पूर्ण झाकलेला राहिला पाहिजे, दोन्ही बाजूंना किमान २ मिमी जागा सोडून. नाहीतर क्रँककेस थेट मफलरला उघडी पडते आणि यंत्र नीट चालत नाही. तसंच रिंगची टोकं जिथे पिनवर अडकलेली असतात ती रेषा कोणत्याही पोर्टवरून जाता कामा नये. टोक पोर्टमध्ये घुसलं की रिंग तुटते आणि सिलिंडर गेलाच.

घासणं

पोर्टच्या कडांना काळ्या मार्करने रंगवा, सुईने नवी रेघ ओढा. रेघेच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबा, सिलिंडर पिस्टनवर बसवून अंश मोजा, मग उरलेलं काढा. हे कंटाळवाणं आहे आणि हेच कामाचं आहे.

आतून बाहेर कापायचं, म्हणजे बोअरच्या कडेकडून पोर्टच्या नळीकडे. उलटं गेलात तर प्लेटिंगचा टवका उडतो. अॅल्युमिनियमच्या बोअरवर निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण असलेला किंवा क्रोमचा थर असतो, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीही नसते. तो उडाला की त्या जागेला रिंग रोज खरवडते. एक्झॉस्टचं छत सपाट ठेवू नका, मधे किंचित उंच कमान ठेवा आणि कोपरे गोल करा. रिंग हळूहळू आत येते. बर एका जागी दाबून धरू नका, सतत फिरता ठेवा.

पोर्टचा बोअरकडचा आकार ठरला की नळी मफलरपर्यंत सलग करा, मधे पायरी राहू देऊ नका. मफलरची गॅस्केट नळीवर ठेवून रेघ ओढली की पुढे आलेला धातू दिसतो. ट्रान्सफरच्या खालच्या तोंडालाही बघा, स्वस्त ओतीव सिलिंडरांत तिथे ओतकामाचे कंगोरे तसेच राहिलेले असतात. ते काढले की मिश्रणाची वाट मोकळी होते आणि टायमिंगला धक्काही लागत नाही. क्रँककेसचा धातू मात्र घासायला जाऊ नका. ३७२ सारख्या चेनसॉंची क्रँककेस मॅग्नेशियमची असते, त्याचा चुरा पेटतो आणि पाण्याने विझत नाही.

एक्झॉस्ट गुळगुळीत केला तर काजळी कमी बसते, ठीक आहे. आरशासारखी चकाकी आणायला तास घालवू नका. कामाला तिचा उपयोग नाही. इन्टेक थोडा खरबरीतच ठेवा, ८० नंबरच्या पेपरपर्यंत.

शेवटी प्रत्येक पोर्टच्या कडेला, वर आणि खाली, बारीक डायमंड बरने ४५ अंशांची कड मोडा, ०.३ ते ०.५ मिमी. मग ४०० नंबरच्या पेपरने हलकेच फिरवा. बोट कडेवरून फिरवलं तर कुठेही अडकता कामा नये. ही कड नवीन लोक विसरतात आणि पहिल्या टाकीतच रिंग तुटते.

धुणं आणि जोडणी

सिलिंडर गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाने, ब्रशने, ट्रान्सफरच्या नळ्यांसकट घासा. पांढऱ्या फडक्याने बोअर पुसा. फडक्यावर करडा डाग आला की परत धुवा. डाग यायचं बंद झालं की लगेच टू-टी ऑइलचा हात फिरवा.

पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. सर्क्लिप (गजन पिन अडवणाऱ्या तारेच्या कड्या) नवीन घाला आणि त्यांचं तोंड वर किंवा खाली ठेवा, बाजूला नको. सर्क्लिप बसवताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा; आत पडली तर सगळं उघडावं लागतं. गॅस्केट काढली असेल तर पेट्रोलला टिकणाऱ्या सीलंटचा पातळ थर लावा, जाड थर पिळून ट्रान्सफरमध्ये जातो. स्क्रू आडवे-तिडवे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. मग परत सोल्डरची तार घालून स्क्विश मोजा. कागदावरचं ०.५५ आणि प्रत्यक्षातलं यांत फरक पडू शकतो.

गळती तपासल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. इन्टेक आणि एक्झॉस्ट सायकलच्या ट्यूबच्या रबराने बंद करा, प्लगच्या किंवा इम्पल्सच्या (क्रँककेसचा दाब कार्बोरेटरच्या पंपाला देणाऱ्या) भोकातून ०.५ बारपर्यंत हवा भरा. २० सेकंद काटा हलला नाही तर ठीक. खास पंप नसेल तर रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा चालतो, त्याच्या ३०० च्या आकड्याला ०.४ बार होतात. काटा पडला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. इथली बारीक गळती म्हणजे पातळ मिश्रण, आणि पातळ मिश्रणात घासलेलं इंजिन काही मिनिटांत सीझ होतं.

कम्प्रेशन गेज लावून दोरी पाच-सहा वेळा पूर्ण ओढा, आकडा लिहून ठेवा. मूळ आकड्यापेक्षा १० ते २० पीएसआय वाढ दिसली तर काम बरोबर झालंय. दोरी ओढताना हाताला झटका बसू लागला तर सवय करा किंवा डीकम्प्रेशन बटणाचा सिलिंडर निवडा.

पहिल्यांदा सुरू करताना

पेट्रोलमध्ये ऑइल एरवी ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली टाकत असाल तर आता ४० ला १ करा, लिटरला २५ मिली. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल मिश्रण पातळ करतं, म्हणून एच स्क्रू आणखी उघडा लागतो. आणि ते पाणी ओढतं, म्हणून आठवड्यापेक्षा जुनं मिश्रण या इंजिनात घालू नका. हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

एच स्क्रू आधी जास्तच उघडा ठेवा. इंजिन गरम झाल्यावर लाकडाबाहेर पूर्ण थ्रॉटल दिला की आवाज तुटक, भरडा यायला हवा, जसा फोर-स्ट्रोकचा येतो. लाकडात बार घातला की तोच आवाज साफ, सलग झाला पाहिजे. लाकडाबाहेरही साफ किंचाळत असेल तर मिश्रण पातळ आहे, लगेच थांबवा आणि स्क्रू उघडा. टॅकोमीटरवर कंपनीने दिलेल्या सर्वाधिक फेऱ्यांच्या वर जाऊ देऊ नका. पोर्टिंग कितीही चांगलं झालं तरी क्रँकच्या बेअरिंग आणि मॅग्नेट तेच आहेत.

हेल्मेट, कानाचं रक्षण, पायाला चॅप्स (चेन अडवणारं जाड आवरण) घाला आणि चेन ब्रेक चालतो का ते आधी बघा. ताकद वाढलेल्या चेनसॉचा किकबॅकही, म्हणजे बार उसळून मागे येणं, जोरात येतो. बारचं वरचं टोक लाकडाला लागू देऊ नका. पहिली टाकी थ्रॉटल कमी-जास्त करत हलक्या फांद्यांवर संपवा, मोठ्या ओंडक्याला नंतर.

टाकी संपली की प्लग काढा. टोक गडद तपकिरी असेल तर बरोबर, फिकट राखाडी असेल तर स्क्रू परत उघडा. इंजिन थंड झाल्यावर मफलर सोडून एक्झॉस्टमधून पिस्टनकडे बघा: रिंगच्या खालच्या भागावर उभे ओरखडे दिसले तर सिलिंडर उतरवून कडा पुन्हा तपासा, नसतील तर सिलिंडरचे स्क्रू आणि मफलरचे बोल्ट परत आवळा, सीलंटवर बसलेले सांधे पहिल्या तापाने सैल होतात. मग तीच चेन परत धार लावून, त्याच ओंडक्याचे तीन काप घ्या आणि वहीतल्या जुन्या वेळेशेजारी नवी वेळ लिहा.